कुत्र्याचं औषध मांजरीला नकोच

कुत्र्याचं पिसवांचं औषध निम्मं करून मांजरीला लावा, असा सल्ला काहीजण देतात. कृपया असं करू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब टाकायच्या) औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजरीच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, त्यामुळे थोड्या थेंबांनीही थरथर, झटके, प्रसंगी मृत्यू. घरात कुत्राही असेल तर त्याला हे लावल्यावर तीन दिवस तरी दोघांना वेगळं ठेवा. मांजर त्याला अंग घासणार आणि मग स्वतःला चाटणार! चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन लगेच डॉक्टरकडे. पिसवांसाठी मांजरींचंच फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेलं औषध वजन बघून, मानेमागे, जीभ पोचणार नाही तिथे लावावं. आणि 'नैसर्गिक' म्हणून टी ट्री तेल? तेही विषारीच.