काटा थांबतो तेव्हा

ताई, वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं, वजन उतरायचं थांबलं आणि आता चालायला जायचं मनच होत नाही, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या स्लीव्हला, म्हणजे जठर लहान करण्याच्या ऑपरेशनला, चार वर्षं झाली. याच टप्प्यावर मीही सहा-आठ महिने फार खचले होते.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं. म्हणून सुरुवातीला भूक फारशी लागत नाही, वजन भराभर उतरतं. पुढे भूक हळूहळू परतते. यात तुमची चूक नाही, हे आधी मनाला सांगा.

मी रोज वजन करणं सोडलं. फक्त रविवारी सकाळी करते. रोज मोजते ते प्रोटीन, निदान ६० ग्रॅम. पहिले घास पनीर, अंडं किंवा घट्ट डाळीचे, भाकरी नंतर. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. माझा घात केला तो संध्याकाळच्या चहाबरोबरच्या फरसाणाने. असलं कुरकुरीत सहज खाली उतरतं, पोट भरल्याचं कळतच नाही. आता घरात तो डबाच नाही. सासूबाईंनी स्वतःहून बंद केला, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

चालायला शेजारच्या काकू सोबत असतात. साडेसहाला त्या खाली उभ्या असतात, मग जावंच लागतं.

बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र बरं वाटतंय म्हणून सोडू नका. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. शेवटची रक्ततपासणी कधी केलीत?