मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल 268 आलंय, पुढं डोक्यावर परिणाम होतो का?

टॉवेलवाला (रात्री 11:42)
आमच्या युनिटमधे परवा कॅम्प होता, सगळ्यांचं रक्त घेतलं, माझं कोलेस्टेरॉल 268 आलं. वय 28, वजन 61, म्हणजे जाडा पण नाही. तिथल्या डॉक्टरनं कागद बघितला न बघितला, तेल कमी खा म्हणले की पुढचा नंबर. माझा प्रश्न हार्टचा नाहीये, तेल तूप सांगत बसू नका कुणी. आमची आजी तीन वर्षं झाली सगळं विसरते, पहाटे उठून बसते आणि भोंगा झाला, डबा दे म्हणते, मिल कधीच बंद पडली. कुठंतरी वाचलं की तरुणपणी कोलेस्टेरॉल जास्त असलं की म्हातारपणी असंच होतं. खरंय का? गोळीनं टळतं का? एवढंच सांगा. झोप येईना.

करडईकाका
सांगू नका म्हणलास तरी सांगतो. शेंगदाणा तेल बंद कर, लाकडी घाण्याचं करडईचं चालू कर, सोबत जवसाची चटणी. माझं 240 चं 190 झालं चार महिन्यात. गोळी नाही काही नाही.

हुरडापार्टी
काका, शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. कुठल्याच झाडाच्या तेलात नसतं, ते जनावराकडनं येतं. सोलापुरात बसून शेंगाचटणीला नावं ठेवताय, धाडस आहे.

करडईकाका
नसतं हे मलाही माहिती आहे. चटणीला कोण बोललं? मी तेलाचं बोललो. नीट वाचत जा.

मायक्रोस्कोप_ताई
268 ही टोटल झाली, त्यावरनं काहीच कळत नाही. एलडीएल (वाईट, साठणारं), एचडीएल (चांगलं), ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) किती ते टाका. थायरॉईड कधी केलंय का? मी लॅबला आहे, डॉक्टर नाही, आधीच सांगते.

सातरस्ता_कॉर्नर
मित्रा गोळीच्या नादी लागू नको. शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, ते कमी केल्यावर डोकं चालणार कसं? आमच्या सासऱ्यांना गोळी सुरू केली आणि गाडीची किल्ली कुठं ठेवली आठवेना.

मायक्रोस्कोप_ताई
मेंदूत तेवढं असतं हे खरं, पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथं शिरतच नाही. गोळ्यांच्या माहितीपत्रकात विसरभोळेपणाचा इशारा अमेरिकेच्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, एफडीएनं, 2012 ला घातला, त्यातच लिहिलं होतं की गोळी बंद केली की ते जातं. किल्ली मी पण शोधते रोज, गोळी न घेता.

आईसाहेब_जुळे
रात्री पाच बदाम भिजवा, सकाळी साल काढून खा. आमच्या मुलाला दहावीत 91 टक्के पडले.

टॉवेलवाला
दहावी झाली माझी. रिपोर्ट गाडीच्या डिकीत होता, आत्ता खाली जाऊन आणला. एचडीएल 42, ट्राय 145, एलडीएल 197. आधी चहा-बिस्किट झालं होतं, त्यानं आलं असेल का एवढं?

मायक्रोस्कोप_ताई
चहा-बिस्किटानं एलडीएल इतकं वर जात नाही. आपल्याकडच्या हार्ट डॉक्टरांच्या संघटनेनं 2024 ला नियमावली काढली त्यात तर पहिली तपासणी 18 व्या वर्षीच करा, उपाशीपोटी नसली तरी चालते असं आहे. 268 मधनं 42 गेले, 145 चा पाचवा हिस्सा 29 गेला, राहिले 197. आकडा बरोबर आहे. एलडीएल 190 च्या वर गेलं की एक गोष्ट विचारावीच लागते, घरात कमी वयात हार्टचं कुणाला झालंय का? आणि वडिलांच्या टाचेमागची शीर, रक्ताची नव्हे, पोटरी टाचेला बांधणारी दोरीसारखी, जाड आहे का?

टॉवेलवाला
ताई मी डोक्याचं विचारतोय, तुम्ही टाचेवर आलात. वडील नाहीत. 2011 ला गेले, अटॅक, 43 वर्षांचे होते. तंबाखूनं झालं म्हणतात सगळे. आणि टाच म्हणाल तर दोन्ही पायांना मागं गाठीसारखं जाड होतं त्यांच्या, बूट कधी घातलेच नाहीत, नवीन सँडल आणली की पहिलं काम, मागचा पट्टा ब्लेडनं कापायचा. तुम्हाला कसं कळलं?

हुरडापार्टी
हे पहिल्याच पोस्टमधे का नाही लिहिलं बे?

टॉवेलवाला
मी आजीचं विचारलं होतं. आणि आजी आईकडची आहे, वडिलांचा काय संबंध.

मायक्रोस्कोप_ताई
तेच तर. आजीचं कोलेस्टेरॉल कसं होतं ते कुणी बघितलंय का? तुमच्या आकड्याचा संबंध वडिलांकडनं दिसतोय मला. जन्मापासनंच एलडीएल जास्त असायचा एक घराण्यातला प्रकार असतो, साधारण 250 माणसांत एकाला, लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. मग ते रक्तवाहिन्यांत साठतं, टाचेमागच्या त्या दोरीसारख्या शिरेत पण. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते हार्टच्या डॉक्टरनं ठरवायचं, पण हा कागद आणि वडिलांची सँडलची गोष्ट दोन्ही घेऊन जा, आणि टीएसएच ही थायरॉईडची तपासणी करून घ्या कारण थायरॉईड कमी पडलं तरी एलडीएल चढतं. भाऊ-बहीण कुणी आहे का?

डोक्याचं विचारलंत तर, लॅन्सेट या डॉक्टरी मासिकाच्या समितीनं 2024 ला विसरण्याच्या आजाराची टाळता येण्यासारखी 14 कारणं दिली, त्यात मध्यमवयातलं जास्त एलडीएल नव्यानं आलं. म्हणजे वाचलंत ते हवेतलं नाही. पण गोळीनं हार्ट वाचतं हे जितकं पक्कं आहे तितकं विसरणं टळतं हे पक्कं नाही. वडिलांना 43 ला जे झालं ते आधी बघा, म्हातारपणाचं नंतर.

सातरस्ता_कॉर्नर
पण एकदा गोळी लागली की जन्मभर, हे सांगा की त्याला.

करडईकाका
ताईंचं बरोबर वाटतंय. पण तेल बदलायला काय हरकत आहे?

पुणेकर_नाईलाजानं
विषय वेगळा आहे, सॉरी. गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत येतोय, कडक भाकरी चार-पाच डझन एकदम कुठं मिळतील?

टॉवेलवाला
ताई, लहान बहीण आहे, 22 ची, हॉस्टेलला असते. रात्रीच फोन केला, आधी वाटलं आजीला काय झालं म्हणून घाबरली. शनिवारी रक्त देते म्हणाली. माझी गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय, टीएसएच उद्या सकाळी. आईला अजून काही सांगितलं नाही. माझी टाच दोन बोटांत धरून बघतोय मघापासनं, जाड आहे का नाही कळेना.