रॉकी माउंटन नॅशनल पार्क: आरव्हीचा मुक्काम आणि एस्टेस पार्कच्या ब्रुअऱ्या

प्रश्न – चाकांवरचे_घर

नमस्कार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन जोडपी डेन्व्हरला २७ फुटी मोटरहोम (आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेले वाहन) भाड्याने घेऊन कोलोराडोतील रॉकी माउंटन नॅशनल पार्कला चार रात्रींसाठी जाणार आहोत. तंबूत राहण्याचा अनुभव आम्हा चौघांनाही आहे, परंतु एवढे मोठे वाहन डोंगरात नेण्याची ही पहिलीच वेळ आहे. दिवसा पायवाटा तुडवाव्यात आणि संध्याकाळी एस्टेस पार्क गावातील ब्रुअऱ्यांमध्ये तिथेच तयार झालेली बिअर निवांत चाखावी, असा बेत आहे. उद्यानाच्या आतील कॅम्पग्राउंड घ्यावे की गावाजवळ वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते तिथे राहावे, हे ठरत नाही. शिवाय बिअर प्यायल्यावर आमच्यापैकी कोणीही वाहनाला हात लावणार नाही, हे आधीच ठरले आहे. मग येण्याजाण्याची सोय कशी करावी?

उत्तर १ – पाइनची_सावली

माझ्या मते चारही रात्री एकाच जागी काढू नयेत. पहिल्या दोन रात्री उद्यानात राहावे आणि नंतरच्या दोन गावाजवळ. उद्यानातील ग्लेशिअर बेसिन कॅम्पग्राउंड सुमारे ८,५०० फूट उंचीवर असून तिथे ३५ फुटांपर्यंतचे वाहन चालते, त्यामुळे तुमची गाडी सहज मावेल. अ‍ॅस्पेनग्लेन आणि पश्चिमेकडील टिंबर क्रीक येथे ही मर्यादा ३० फुटांची आहे. लॉंग्ज पीक हे केवळ तंबूंसाठी राखलेले आहे, तेव्हा तुमच्यासाठी तो पर्याय नाही. टिंबर क्रीकमधील झाडे खोडकिड्यांच्या प्रादुर्भावामुळे तोडावी लागली, म्हणून तिथे सावलीची अपेक्षा ठेवू नका. ग्लेशिअर बेसिनच्याही काही भागांत हीच स्थिती आहे.

ग्लेशिअर बेसिनला वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी नाही, ही गोष्ट मात्र मनावर पक्की ठसवून घ्या. पाण्याची टाकी भरून, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून आत शिरायचे. जनरेटर ठराविक वेळात आणि ठराविक विभागांतच चालवता येतो. एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातही पहाटे हीटर लावावासा वाटतो, आणि गॅसच्या हीटरचा पंखा बॅटरीवरच फिरतो. पहिल्या मुक्कामात माझी बॅटरी याच कारणाने पहाटे तीन वाजता संपली होती. तेव्हापासून झोपताना मी हीटर कमीत कमी तापमानावर ठेवतो आणि जाड पांघरुणावर भिस्त ठेवतो. टाक्या रिकाम्या करण्यासाठी तिथे डम्प स्टेशन आहे. जागेचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि पाहता पाहता संपते. आठवड्याच्या मधल्या वारांना संधी थोडी अधिक असते.

एवढी गैरसोय सोसून आत का राहावे, तर बेअर लेक या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोठे पार्क अँड राइड, म्हणजे गाडी ठेवून बसने पुढे जाण्याचा वाहनतळ, या कॅम्पग्राउंडच्या समोरच आहे. सकाळी गाडी जागची न हलवता मोफत शटलने बेअर लेकला जाता येते. तलावापाशी असलेला वाहनतळ उन्हाळ्यात भल्या पहाटे भरतो, आणि २७ फुटी गाडी घेऊन तिथे जागा शोधणे म्हणजे सकाळ वाया घालवणे होय.

उत्तर २ – यवसुरा

पहिल्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ब्रुअऱ्यांचा बेत गावाजवळच्या दोन रात्रींसाठीच राखून ठेवावा असे आग्रहाने सुचवतो. उद्यान आणि गाव यांना जोडणारी हायकर शटल आहे, पण ती मुख्यतः पदभ्रमण करणाऱ्यांच्या सोयीची आहे. संध्याकाळी शेवटची बस चुकली, तर अंधारात कॅम्पग्राउंडला परतणे कठीण होते. गावाच्या दक्षिणेला मेरीज लेक येथे जोडणीसह जागा मिळतात. तिथे गाडी एकदा उभी केली की टॅक्सीने किंवा, हंगामात चालू असेल तर, गावातील मोफत शटलने फिरता येते.

एस्टेस पार्क ब्रुअरी ही गावातील जुनी ब्रुअरी. तिथे जेवणाचीही सोय आहे, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी तिथेच जावे. रॉक कट ब्रुइंग नदीकाठच्या रस्त्यावर असून मुख्य बाजारपेठेपासून पायी जाता येते. उद्यानातील ट्रेल रिज या उंच डोंगरी रस्त्यावर खडक कापून केलेल्या खिंडीला रॉक कट म्हणतात, तेच नाव तिने घेतले आहे. लंपी रिज ब्रुइंगचे नाव गावाच्या उत्तरेला दिसणाऱ्या ओबडधोबड ग्रॅनाइटच्या कड्यावरून आले आहे. दिवसा जे पाहून आलो त्याचेच नाव संध्याकाळी पेल्यावर वाचायला मिळते, याचा आनंद मला दरवेळी नव्याने होतो.

टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतील बिअर पिण्याच्या दालनात, बिअर बनवणारे भेटले, तर उकळण्याबद्दल अवश्य विचारा. एस्टेस पार्क साधारण ७,५०० फुटांवर आहे, म्हणून पाणी तिथे १०० नव्हे तर सुमारे ९२ अंश सेल्सिअसला उकळते. हॉप्स या वेलीच्या फुलांमधील कडवटपणा उष्णतेमुळे बिअरमध्ये उतरतो, आणि तापमान कमी असले की तो सावकाश उतरतो. त्यामुळे इथे हॉप्सचे प्रमाण किंवा उकळण्याचा वेळ वाढवावा लागतो. मला यातील कारागिरीचे फार कौतुक वाटते.

उंचीवर शरीरातील पाणी लवकर कमी होते, म्हणून प्रत्येक पेल्याबरोबर तेवढेच पाणी प्या, आणि पहिल्या संध्याकाळी एकावरच थांबा. चालकाबाबत तुम्ही घेतलेला निर्णय अगदी योग्य आहे. कोलोराडोत रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्के असल्यास मद्यधुंद वाहनचालकाचा गुन्हा लागतोच, परंतु ०.०५ टक्क्यांच्या वर गेल्यासही वाहन चालवण्याची क्षमता घटल्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो.

प्रश्नकर्त्याची पुरवणी – चाकांवरचे_घर

दोघांचेही मनापासून आभार. दोन अधिक दोन रात्रींची विभागणी आम्हाला पटली आहे. आणखी एक शंका आहे. ट्रेल रिज रस्त्यावर ही गाडी न्यावी का? आणि ब्रुअरीतून भरून आणलेली बिअर कॅम्पग्राउंडमध्ये कशी ठेवावी?

उत्तर ३ – पाइनची_सावली

ट्रेल रिज रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि त्याचा सुमारे ११ मैलांचा भाग वृक्षरेषेच्या वर, म्हणजे झाडे उगवत नाहीत एवढ्या उंचीवर आहे. मोटरहोम तिथे जाऊ शकते; मात्र टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते, म्हणून चढ हळूच चढावा लागतो. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, आधीच खालचा गिअर टाका. सकाळी लवकर निघून दुपारच्या आत खाली यावे, कारण दुपारी विजांसह वादळे येतात आणि तिथल्या उघड्या, वृक्षहीन टुंड्रावर आडोसा नसतो. ओल्ड फॉल रिव्हर रस्त्यावर मात्र २५ फुटांपेक्षा लांब वाहनांना मनाई आहे, त्यामुळे तो तुमच्या यादीतून काढून टाका. गावाजवळ राहाल त्या दोन दिवसांत उद्यानात जाण्यासाठी उन्हाळ्यात वेळेचे प्रवेश-आरक्षण लागते का, तेही आधी तपासून ठेवा.

उत्तर ४ – यवसुरा

भरून आणलेली बाटली म्हणजे ग्राउलर, साधारण ६४ औंसांचा असतो, आणि एकदा उघडला की दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा, कारण वायू निघून जातो. चौघांसाठी एक पुरेसा आहे. झाकणाचे सील फोडायचे ते गाडी मुक्कामी उभी केल्यावरच. वाटेत तो मागच्या फ्रिजमध्ये बंद ठेवा. मेजावर रिकामा ग्राउलर किंवा डबे रात्रभर ठेवू नका. अस्वलाला माणसाच्या खाण्यापिण्याचा वास लागला की ते पुन्हा पुन्हा येते, आणि त्याची शिक्षा शेवटी अस्वलालाच भोगावी लागते. म्हणून प्यायलेले पेलेसुद्धा झोपण्यापूर्वी धुऊन गाडीत घ्या, आणि दारे-खिडक्या बंद करा.