इतिहासाच्या उताऱ्यांवर आकलनाचा सराव: पोरं वाचतात की नुसती शोधतात?

चोपड्याचा_मास्तर

मंडळी, चोपडा तालुक्यातल्या एका गावात आठवीला मराठी शिकवतो. गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला, तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

सरावाला एक पुस्तिका घेतलीय. इतिहासातल्या गाजलेल्या प्रसंगांवर उतारे आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न. दांडीयात्रा, टायटॅनिक, बर्लिनची भिंत, चंद्रावरचं पहिलं पाऊल. चंद्राचा उतारा दिला तर जवळजवळ सगळ्या वर्गाला पाचपैकी पाच. मी खूश. वह्या परत देता देता सहज विचारलं, "काय रे, त्या खेपेला चंद्रावर चालले किती जण?" सगळा वर्ग एका सुरात, "तीन!"

उताऱ्यात स्वच्छ लिहिलंय की आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले आणि मायकेल कॉलिन्स वर यानातच राहून चंद्राभोवती फिरत होता. त्यावर प्रश्नही होता, "यानात कोण थांबले?" याच पोरांनी त्याचं उत्तर शुद्धलेखनासकट बरोबर लिहिलं होतं. नाव सापडलं आणि उतरवलं. त्याचा अर्थ काय, याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: "भोंबळ्याने खिरवणात तीन फुगटे झिंबले, कारण त्याला टिरमी आली होती." एकही शब्द खरा नाही, रात्री पडल्या पडल्या जुळवलेले. खाली प्रश्न: किती फुगटे झिंबले? कुठे झिंबले? का झिंबले? सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर! "टिरमी आली होती म्हणून भोंबळ्याने फुगटे झिंबले." पूर्णविरामसुद्धा जागेवर. फुगटा म्हणजे काय, असं एकानेही विचारलं नाही.

तर माझं म्हणणं असं की आकलनाच्या सरावाला हे प्रसिद्ध प्रसंग बाद करावेत. ज्याला प्रसंग ठाऊक आहे तो वाचत नाही, आठवतो. ज्याला ठाऊक नाही तो शब्दाला शब्द जुळवतो. वाचतं कोणीच नाही. त्यापेक्षा बसचं वेळापत्रक द्या, खताच्या गोणीवरची सूचना द्या, सातबारा द्या.

शिष्यवृत्तीवाला

सर, राग मानू नका, पण हे वर्गात बसून सुचणारे विचार आहेत. शिष्यवृत्तीच्या पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात. एका प्रश्नाला 72 सेकंद, त्यात गणितंही आली. उतारा आला की आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात शब्द शोधायचा आणि गोल रंगवायचा. मी हेच शिकवतो आणि माझी पोरं यादीत येतात. तुम्ही ज्याला रोग म्हणताय ते आमच्याकडे कौशल्य आहे.

जुनी_बखर (धुळे)

क्लासवाल्या भाऊंचं सोडा, पण मास्तर, तुमचा बाण भलतीकडे लागलाय. तुमची पोरं फुगट्यांवरही फसली ना? मग त्यात इतिहासाचा काय दोष? प्रश्नच शोधायला लावणारे होते. "कोण थांबले" विचारलंत, नाव मिळालं. "खाली उतरलेल्यांना परत यायला कॉलिन्सची गरज का होती" असं विचारलं असतं तर?

आकलनाला इतिहासासारखं दुसरं खाद्य नाही. त्यात आधी काय, नंतर काय, कशामुळे काय, हे सगळं आपोआप येतं. तुमचाच चंद्र घ्या. अमेरिकेत 20 जुलै 1969, पण यान टेकलं तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून 21 तारीख लागली होती. उताऱ्यात दोन्ही तारखा द्या आणि विचारा, यातली चुकीची कोणती? विचार केल्याशिवाय सुटणार नाही. दांडीयात्रा घ्या. 12 मार्च 1930 ला साबरमतीहून निघाले, साधारण 385 किलोमीटर चालत, 24 दिवस. गुजरातेत तेव्हा रेल्वे होती. मग चालत का?

सातबारा काय देता पोरांना! तो मोठ्यांना कळत नाही.

चोपड्याचा_मास्तर

आबा, "का" विचारून पाहिलंय. मार्गदर्शकं वाचून पोरांकडे एकच उत्तर तयार आहे: "जनजागृती करण्यासाठी." गांधीजी चालत का गेले? जनजागृती करण्यासाठी. टिळकांनी गणेशोत्सव का सुरू केला? जनजागृती करण्यासाठी. उद्या टायटॅनिक का बुडाली विचारलं तरी तेच लिहितील. आणि गंमत अशी की पहिल्या दोन ठिकाणी मला गुण द्यावे लागतात.

केळीबागवाला (रावेर)

मी मास्तर नाही, शेतकरी. पण माझा पोरगा सातवीत आहे, वाचनात कच्चा म्हणून शाळेतून चिठ्ठी येते. तोच पोरगा मोबाईलवर केळीचे भाव वाचतो आणि मला सांगतो, "पप्पा, बऱ्हाणपूरला आज वर आहे, आपला घड दोन दिवस थांबवा." करप्याच्या फवारणीचं पत्रक आलं होतं, त्यात कुठलं औषध कशात मिसळू नये हे मी चुकलो, त्याने पकडलं. आता हा कच्चा कसा?

बर्लिनची भिंत त्याला कशी कळावी? एका शहराच्या मधोमध भिंत कशाला बांधली, हेच त्याला ठाऊक नाही. तर पाडली याचा आनंद कसला? आमच्याकडे बांधावरून भांडणं होतात, तेवढंच त्याला माहीत.

साक्रीची_लेक

दादा, तुम्ही म्हणताय त्यावर अमेरिकेत 1988 साली अभ्यास झालाय. रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्यांपेक्षा पुढे गेली. विषयाची माहिती हीच वाचनाची अर्धी ताकद. तुमच्या घरी तोच प्रयोग केळीवर चाललाय.

म्हणून मी मास्तरांच्या विरुद्ध बाजूला. पोराला आधीच काही ठाऊक असणं हा अडथळा नाही, ती पायरी आहे. प्रसिद्ध प्रसंग काढून टाकले तर माहिती यायची कुठून? बसच्या वेळापत्रकातून?

माझं दुखणं वेगळं आहे. मी साक्री तालुक्यात शिकवते. पोरांच्या घरी अहिराणी, काहींच्या घरी भिली. उताऱ्यात "प्रस्थान केले", "मार्गक्रमण केले", "हौतात्म्य पत्करले". पोरगं पहिल्याच ओळीत अडतं, मग शोधाशोध करतं. मी उतारा वाचून घेते, पुस्तक मिटायला लावते आणि म्हणते, आता आजीला सांग. परवा नंदुरबारच्या शिरीषकुमारवर उतारा होता. एरवी तोंड न उघडणारा एक पोरगा उठला, "त्याले गोळी लागनी, तरी त्यानी झेंडा सोडा नही." मग स्वतःच थांबला आणि विचारलं, "मॅडम, पोलीस बी आपलाच व्हतात ना?" उताऱ्याखालच्या पाच प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

नंदुरबारकर

ताई, अंगावर काटा आला. पण आमच्या गावात तोच उतारा कुचकामी ठरतो, हेही सांगतो. 9 सप्टेंबर 1942, शिरीषकुमार मेहता, वय 15, सोबत लालदास, धनसुखलाल, शशीधर, घनश्याम. इथलं पोर हे झोपेत म्हणेल. दर वर्षी प्रभातफेरी, भाषणं, चौकातलं स्मारक. उतारा दिला की पोरं न वाचताच लिहायला घेतात. मी एकदा फक्त प्रश्न दिले, उतारा दिलाच नाही. बहुतेकांनी पैकीच्या पैकी मिळवले! मग परीक्षा कसली झाली, पाठांतराची का माझी?

तेव्हापासून नियम केलाय: आधी नुसते प्रश्न देऊन बघायचे. उताऱ्याशिवाय जो सुटतो तो प्रश्न उडवायचा.

शिष्यवृत्तीवाला

मग सोपा उपाय सांगतो. उताऱ्यात मुद्दाम फेरफार करा. काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन 1936 चं, उताऱ्यात 1938 लिहा. जो 1936 लिहील तो आठवणीतून लिहितोय, जो 1938 लिहील त्याने वाचलं. दूध का दूध.

जुनी_बखर (धुळे)

अहो भाऊ, जरा जपून! ज्या धुळ्यात इतिहासकार राजवाड्यांनी देह ठेवला, ज्यांचा जन्म दप्तरांतला एकेक कागद ताडून बघण्यात गेला, तिथल्या पोरांना शाळेतच खोटं सन वाचायला द्यायचं? पोरगं उतारा विसरेल, 1938 विसरणार नाही. दहा वर्षांनी स्पर्धा परीक्षेत ते 1938 ठोकून येईल आणि तुमच्याच क्लासचं नाव घेईल.

शिष्यवृत्तीवाला

खाली बारीक अक्षरात "काल्पनिक" लिहायचं ना. एवढं तापायचं काय कारण?

केळीबागवाला (रावेर)

बारीक अक्षरातलं कोण वाचतं हो. औषधाच्या डब्यावरचं वाचत नाही आम्ही.

साक्रीची_लेक

खोटं लिहायची गरजच नाही. फैजपूर निघालंच आहे तर ते खरंच घ्या. माझा उतारा चार ओळींचा आहे: "डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी मंडप आणि कमानी बांबूसारख्या तिथल्याच साध्या वस्तूंतून सजवल्या." अध्यक्ष कोण, हा प्रश्न मी विचारतच नाही. विचारते: याआधी अधिवेशनं कशा ठिकाणी भरत असतील, आणि हे तुला कुठल्या शब्दावरून कळलं? "शहरात" एवढ्याला अर्धा गुण. "'पहिलंच' या शब्दावरून" लिहिलं तर पूर्ण.

दुसरा प्रश्न: मोठा चित्रकार एवढ्या लांबून आला, मग बांबूच का? एकीने लिहिलं, "पैसे नसतील." दुसरीने लिहिलं, "खेड्यातल्या लोकांना आपलं वाटावं म्हणून." दोघींचं भांडण अर्धा तास चाललं. मी घंटा होईपर्यंत बोलले नाही.

नंदुरबारकर

"कुठल्या शब्दावरून" हे झकास. उद्यापासून चोरणार.

चोपड्याचा_मास्तर

ताई, अर्धा तास एका उताऱ्याला? माझ्याकडे दोन वर्ग एकत्र बसतात, वर शाळेचे ऑनलाइन फॉर्म भरायचे असतात ते वेगळंच. पण बरं. आबांचं "खोटं नको" आणि क्लासवाल्यांची आठवण पकडायची युक्ती हवी, दोन्ही साधेल असा प्रसंग शोधतो. रविवार आहे.

जुनी_बखर (धुळे)

राइट बंधू बघा. 17 डिसेंबर 1903. सगळ्यांना 12 सेकंद पाठ असतात. पण त्या दिवशी विमान चार वेळा उडालं. पहिलं उड्डाण ऑर्व्हिलचं, 12 सेकंद, 120 फूट. चौथं विल्बरचं, 59 सेकंद, 852 फूट. चारही खरी. आता विचारा, त्या दिवसाचं सर्वांत लांब उड्डाण किती सेकंदांचं आणि कोणाचं? पाठांतरवाला 12 लिहून मोकळा होईल.

चोपड्याचा_मास्तर

आबा, आज दिला. उतारा मीच लिहिला, सात ओळींचा. "सर्वांत लांब" हे शब्द उताऱ्यात ठेवलेच नाहीत, नुसते आकडे. अर्ध्याहून जास्त पोरांनी 12 सेकंद, ऑर्व्हिल लिहिलं. पाच-सहा जणांनी उत्तर सापडत नाही म्हणून जागा कोरी सोडली. त्यातला एक म्हणाला, "सर, याचं उत्तर उताऱ्यात छापायचं राहिलंय."

एका पोरीच्या वहीत 12 लिहिलेलं, त्यावर आडवी रेघ, पुढे 59. शेजारी छोट्या अक्षरात: "आधी पाठ होतं ते लिहिलं." ही पोर एरवी दहापैकी चार-पाच गुणांच्या पुढे जात नाही.

माझं मूळ म्हणणं मी पूर्ण सोडलेलं नाही. ती पुस्तिका कपाटात गेली, ती परत काढणार नाही. पण प्रसंग बाद करा म्हणालो होतो, ते मागे घेतो. सातबाराचं मात्र ठाम आहे.

शिष्यवृत्तीवाला

वेळ किती लागला?

चोपड्याचा_मास्तर

पाऊण तास.

शिष्यवृत्तीवाला

72 सेकंद, सर.

केळीबागवाला (रावेर)

त्या पोरीला किती गुण दिले ते सांगा आधी.