दंडसंहितेतला ‘उद्देश’, नोटिशीतला ‘हेतू’ आणि गावातली ‘दानत’

तापीकाठ (भुसावळ):
एका खटल्यातील इंग्रजी टिपणाचा मराठी अनुवाद करताना एका शब्दावर अडले आहे. प्रकरण थोडक्यात असे, की वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या, पंचनामे झाले आणि ज्या गटांत केळी लावलेलीच नव्हती त्यांच्या नावेही भरपाई निघाली. पंचनाम्यावर सही करणारा कर्मचारी म्हणतो, मी बांधावर गेलो नाही, गावातल्यांनी सांगितले ते लिहिले. टिपणातले वाक्य असे आहे, की निष्काळजीपणा सिद्ध झाला म्हणून ‘डिसऑनेस्ट इन्टेन्शन’ सिद्ध झाले असे होत नाही. मी ‘अप्रामाणिक हेतू’ लिहिले. तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘हेतू’ खोडून ‘उद्देश’ केला आणि समासात शेरा मारला, की हेतू सिद्ध करण्याची फौजदारी कायद्याला गरजच नसते. आमच्याकडे ‘हेतुपुरस्सर’ म्हणजे मुद्दाम, हाच अर्थ चालत आलेला आहे. मग ‘हेतू’ ठेवावा की नाही?

वकीलभाऊ (धुळे):
ताई, शेरा बरोबर आहे, पण फार तुटक आहे. कायद्याच्या मराठीत हेतू म्हणजे कृत्यामागची प्रेरणा, आणि उद्देश म्हणजे त्या कृत्यातून जे घडवून आणायचे ठरवले ते. एखाद्या लिपिकाने मुलीच्या लग्नासाठी खोटे बिल काढले, तर लग्न हा हेतू आणि हक्क नसताना शासनाची रक्कम आपल्याकडे वळवणे हा उद्देश. हेतू कितीही करुण असला तरी तो फार तर शिक्षेच्या वेळी ऐकला जाईल. जुन्या दंडसंहितेच्या कलम 24 मध्ये ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाची व्याख्याच गैरलाभ किंवा गैरहानी घडवण्याच्या उद्देशावर उभी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 2 मध्ये गेली, एवढाच फरक.

शिवाय ठकवणुकीच्या गुन्ह्यात हा उद्देश आरंभापासून असावा लागतो. जुन्या कलम 415 खाली निळीचे उदाहरण आहे: नीळ देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि देण्याचा विचार मुळातच नव्हता, तर ती ठकवणूक, विचार होता, पण पुढे करार मोडला, तर तो दिवाणी दाव्याचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात हेच ठासून सांगितले.

नाना (चोपडा):
वकीलभाऊ, तुमचा भेद पुस्तकात शोभतो. मी महसूल खात्यात हयात घालवली आणि कारणे दाखवा नोटिशीचा एकच साचा पाहिला: ‘आपण जाणीवपूर्वक व हेतुपुरस्सर शासकीय कर्तव्यात कसूर केली आहे.’ उशिरा आलेल्या शिपायालाही तेच आणि अपहार करणाऱ्यालाही तेच. दोन भारदस्त शब्द प्रत्येक कागदावर उमटवले, की मग खरोखर मुद्दाम केलेल्या गोष्टीसाठी शब्दच उरत नाही. आमच्या गावांत याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे दानत. ‘त्याची दानत खराब होती’ म्हटले की सगळे कळते. दान देणाऱ्याचे मन ते दानत, आणि म्हणून तो आपला अस्सल देशी शब्द आहे.

शिक्षक (अमळनेर):
नाना, व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. दानत हा अरबी ‘दियानत’ या शब्दावरून आलेला आहे; त्याचा अर्थ सचोटी. ‘नियत’ आणि ‘इरादा’ हेही अरबीतूनच आले. कागदोपत्री भाषेत या शब्दांची भरती थांबवली पाहिजे, असे माझे मत आहे. ‘दुराशय’ हा सुटसुटीत संस्कृत शब्द उपलब्ध असताना तो का वापरू नये?

नाना (चोपडा):
दुराशय हा हिंदी कायद्याच्या पुस्तकांतला शब्द आहे, गुरुजी. आमच्या तालुक्यातल्या एकाही साक्षीदाराने तो ऐकलेला नसेल. अरबी तर अरबी, पण दानत शेतात राबणाऱ्याला समजते. तुम्हाला शुद्धीच हवी असेल, तर ‘दफ्तर’ आणि ‘तहसील’ यांच्यापासून सुरुवात करा.

साक्रीकर:
एक अडचण प्रत्यक्ष पाहिलेली सांगतो. साक्षीदार अहिराणीत म्हणतो, ‘त्याना मनमा खोट व्हती.’ टंकलिखित जबाबात येते, ‘आरोपीचा उद्देश अप्रामाणिक होता.’ हे भाषांतर नाही, हा निष्कर्ष आहे. खोट म्हणजे नुसती उणीवही असू शकते.

वकीलभाऊ (धुळे):
साक्रीकरांनी मर्मावर बोट ठेवले. दुसऱ्याच्या मनात काय होते हे साक्षीदाराने सांगायचेच नसते. त्याने काय पाहिले आणि काय ऐकले तेवढे सांगावे, मन न्यायालय ताडते. ते कसे ताडायचे याचे सर्वांत चांगले उदाहरण 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 15 खाली आहे, आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमात हे कलम 13 झाले. वसुली करणारा नोकर वहीत मिळाल्यापेक्षा कमी रक्कम लिहितो. ही चूक की लबाडी? त्याच वहीतल्या इतर नोंदीही खोट्या आहेत आणि प्रत्येक वेळी खोटेपणा त्याच्याच फायद्याचा आहे, हे दाखवता आले तर ते संबद्ध ठरते. ताईंच्या प्रकरणात चुकलेले गट गावभर विखुरलेले असतील, तर न जाता पंचनामा केल्याचे ते लक्षण. सगळे गट दोन-तीन घरांतच निघाले आणि पैसा फिरून त्या कर्मचाऱ्याच्या ओळखीच्या खात्यात आला, तर ‘गावातल्यांनी सांगितले’ हा बचाव टिकणे कठीण.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. माजी रेल्वेमंत्री सी. के. जाफर शरीफ यांच्या प्रकरणात (2012) मंत्र्यांनी आपल्या उपचारकाळात रेल्वेच्या उपक्रमांच्या खर्चाने चार कर्मचारी लंडनला सोबत नेल्याचा आरोप होता. अप्रामाणिक उद्देश हाच भ्रष्टाचाराच्या त्या गुन्ह्याचा गाभा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि कारवाई रद्द केली. नियम मोडला की गुन्हा झाला, ही समजूत आपल्या वर्तमानपत्रांना फार प्रिय आहे.

शिक्षक (अमळनेर):
पण मग लोकसेवकाला वेगळे संरक्षण कशाला? खटल्यापूर्वी शासनाची मंजुरी घ्यावीच लागते ना?

वकीलभाऊ (धुळे):
सरसकट नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 197 ची मंजुरी पदाचे कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यापुरती होती. प्रकाशसिंग बादल प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ठकवणूक किंवा बनावट दस्तऐवज करणे हे कर्तव्य बजावणे म्हणता येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 ची मंजुरी ही निराळी बाब आहे.

तापीकाठ (भुसावळ):
आता नवीनच शंका येते. तो कर्मचारी म्हणतो त्याप्रमाणे त्या गटांत केळी नव्हती हे त्याला ठाऊक नव्हते असे मानू. पण सही करताना ‘समक्ष पाहणी केली’ हे छापील वाक्य खोटे आहे, एवढे तर त्याला ठाऊक होतेच. ही जाणीव म्हणजे उद्देश नव्हे का?

वकीलभाऊ (धुळे):
जाणीव निराळी आणि उद्देश निराळा. मात्र ज्याचे हित जपणे आपल्यावर बंधनकारक आहे त्याला गैरहानी होण्याचा संभव आहे, ही जाणीव ठेवून केलेली ठकवणूक जुन्या कलम 418 मध्ये होती आणि नव्या संहितेत कलम 318 च्या पोटकलम 3 मध्ये आहे. तिथेही आधी ठकवणूक सिद्ध करावी लागतेच. जाणीव तिच्या वर येते.

नाना (चोपडा):
म्हणजे आमच्या साच्यातला ‘जाणीवपूर्वक व हेतुपुरस्सर’ हा जोड अगदीच वायफळ नव्हता तर! पूर्वी कोणा जाणत्याने दोन स्वतंत्र आरोप म्हणून तो लिहिला असेल आणि पुढच्यांनी त्याचा मंत्र केला असेल.

शिक्षक (अमळनेर):
नाना, याला पुरावा काही? ‘हेतुपुरस्सर’ऐवजी ‘बुद्धिपुरस्सर’ असाही शब्द पूर्वी रूढ होता, आणि तो जाणिवेच्या जास्त जवळचा आहे.

साक्रीकर:
गुरुजी, मग ‘खोट’ स्त्रीलिंगी का आणि ‘खोटे’ नपुंसकलिंगी का, हेही सांगून टाका. साक्षीदार पहिली म्हणतो आणि टंकलेखक दुसरे लिहितो.