मदत हवी आहे : ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट कमी का पडतं?

सीमाभाग_बायो:
परवा पेपर आहे, पटकन सांगा. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट कमी का पडतं? पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्स चक्रातला हा रेणू. एका पानावर "चक्राच्या शेवटी परत तयार होतं", पुढच्या धड्यात "कमी पडल्यामुळे". दोन्ही खरं कसं? सर कन्नडमधून शिकवतात, निम्मं डोक्यावरून जातं. गुगल कर म्हणू नका, केलंय.

ऊसकरी_चिकोडी:
कमी? आमच्या उसात दिवसभर तेच तयार होतंय की! हवेतून घेतलेला कार्बन पेप नावाच्या तीन कार्बनी रेणूला जोडला जातो, चार कार्बनी ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होतं. त्याचं मॅलेट होऊन ते आतल्या पेशींत जातं, तिथं कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून ऊस सी-४, म्हणजे चार कार्बनी वाटेची वनस्पती. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली हे मांडलं, तेही उसावर काम करून. यंदा तोडीला टोळी मिळेना, ते वेगळंच.

सीमाभाग_बायो:
काका, वनस्पती नकोत.

लॅबवाली_शहापूर:
मग काय हवंय? बारावी, बीएस्सी की नर्सिंग? माणूस की जनावर? आणि "कमी पडल्यामुळे" पुढं काय होतं ते लिहिलंच नाहीस.

गोठा_निपाणी:
जनावराचं असेल तर मी सांगते. आमची गाय व्याल्यावर आंबोण खाईना, दूध घटलं, तोंडाला गोडसर वास. डॉक्टरांनी कीटोसिस, म्हणजे रक्तात कीटोन वाढल्याचं सांगितलं, शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं, वर प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायला लावलं. दुधातल्या साखरेला ग्लुकोज लागतं. ते बनवायला यकृत ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट ओढून घेतं, चक्राला उरत नाही. मग अंगावरच्या चरबीतून आलेल्या दोन कार्बनी तुकड्यांचे, म्हणजे अ‍ॅसिटिल कोएचे कीटोन होतात.

गूळवाले_आण्णा:
एवढा खर्च कशाला? गूळ घाला. आमच्यात आज्ज्यापासून तेच चालतंय.

गोठा_निपाणी:
आण्णा, गूळ कोठीपोटातले जंतूच फस्त करतात, ग्लुकोज म्हणून रक्तात फारसा पोचत नाही. जास्त घातला तर पोट आंबतं ते वेगळंच. गाईचं ग्लुकोज मुख्यतः प्रोपिओनेटपासून बनतं, आणि तेही ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटच्या वाटेनंच.

गूळवाले_आण्णा:
आमच्या म्हशी काय पुस्तक वाचून दूध देत नाहीत.

टिळकवाडी_फिट:
कीटोन वाईट कोण म्हणालं? मी भात-भाकरी सोडली, पोट उतरलं. सगळ्यांनी करावं.

लॅबवाली_शहापूर:
तुला कुणी विचारलं बे? धागा काढणारा कुठं गेला?

सीमाभाग_बायो:
इथंच आहे. बीएस्सी, चौथं सेमिस्टर. माणसाचं यकृत, उपाशीपोटी. चरबी जळून अ‍ॅसिटिल कोए ढिगानं येतं. ते चक्रात घातलं की ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट वाढायला नको का? तरी कीटोन का होतात?

लॅबवाली_शहापूर:
हे पहिल्यांदाच लिहायचं की. वाढत नाही, कार्बन मोज. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचे चार, अ‍ॅसिटिलचे दोन, मिळून सहा कार्बनांचं सायट्रेट. फेरीत दोन कार्बन डायऑक्साइड बनून जातात, उरले चार. जेवढं घातलं तेवढंच हातात. चक्र ते खातही नाही, वाढवतही नाही. पण मधूनच कुणी उचललं तर घटणारच. उपाशीपोटी यकृत तेच करतं: पेपसीके हे एन्झाइम त्याचं पेप करतं, पुढं ग्लुकोज.
भर घालतं पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज हे एन्झाइम, तीन कार्बनी पायरुव्हेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट बनवून. त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व आणि एटीपी हे पेशीचं इंधन लागतं, आणि अ‍ॅसिटिल कोए साचलं की ते जोरात चालतं. पण पायरुव्हेट तर हवं! अ‍ॅसिटिल कोएपासून ते उलटं बनत नाही. लॅक्टेट आणि स्नायूंतली अमिनो आम्लं यांवर भागवायचं.

जुना_मास्तर:
"उचललं म्हणून कमी" हे अर्धंच उत्तर. मॅलेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट ही पायरी मुळातच मागं ओढणारी, प्रमाणित मुक्त ऊर्जेतला बदल सुमारे +३० किलोज्यूल प्रति मोल. सायट्रेट सिंथेज हे पुढचं एन्झाइम तयार झालेलं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट लगेच वापरतं म्हणून गाडी चालते. चरबी जळताना एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) वाढतं आणि तोल आणखी मॅलेटकडे झुकतो. हेही लिही.

लॅबवाली_शहापूर:
सर, चौथ्या सेमिस्टरला एवढं कोण मागतंय? पोरगं घाबरेल.

जुना_मास्तर:
घाबरू दे. क्रेब्सचा या चक्रावरचा लेख १९३७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकानं परत पाठवला होता. १९५३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

कॅम्पातले_काका:
माझ्या रिपोर्टात एसजीओटी वाढलंय, त्यातही ऑक्झॅलो असंच काहीतरी आहे. उसाचा रस बंद करू का?

लॅबवाली_शहापूर:
काका, ते ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि अ‍ॅस्पार्टेट यांची अदलाबदल करणारं एन्झाइम. यकृताच्या किंवा स्नायूंच्या पेशी दुखावल्या की रक्तात उतरतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, इथं विचारू नका.

सीमाभाग_बायो:
कार्बनांचं गणित कळलं. अजून एक. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात), ग्लुकोज बनतं बाहेर. मग ते बाहेर कसं येतं?

जुना_मास्तर:
थेट येत नाही, आतल्या पडद्यातून त्याला वाट नाही. मॅलेट किंवा अ‍ॅस्पार्टेट होऊन निघतं आणि बाहेर पुन्हा मूळ रूपात येतं. माणसात पेपसीके आतही असतं, त्यामुळं काही भाग पेप बनूनही बाहेर पडतो.

सीमाभाग_बायो:
ओके. या वाटेची आकृती आहे का कुणाकडं? हातानं काढलेली चालेल, फोटो इथंच टाका.