मदत हवी आहे: एका चिपवर छान जमतं, आठ जोडल्या की लिपिड नॅनोकणांचा आकार बिघडतो

नमस्कार मंडळी,

एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) पेशीत पोहोचवण्यासाठी लिपिड नॅनोकण, म्हणजे स्निग्ध रेणूंचे अतिसूक्ष्म कण, बनवतोय. लिपिडांचं प्रमाण ऑनपॅट्रोसारखंच (२०१८ साली मान्यता मिळालेलं पहिलं आरएनएआय औषध, म्हणजे छोट्या आरएनएने जनुक गप्प करणारं): आयनीकरणक्षम लिपिड (आम्लात धनभार घेणारं), डीएसपीसी (एक फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल, पेग-लिपिड (पॉलिइथिलीन ग्लायकोल जोडलेलं) ५०:१०:३८.५:१.५. इथेनॉलमधली लिपिडं एक भाग, पीएच ४ च्या बफरमधला आरएनए तीन भाग. हेरिंगबोन चिपवर (बारीक वाहिनीतल्या तिरक्या खाचांनी दोन द्रव झटपट मिसळणारी चिप) मिनिटाला १२ मिलीच्या वेगाने ८० नॅनोमीटरचे कण मिळतात, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत; कमी तितकी चांगली) ०.१ च्या आत.

उत्पादन वाढवायला आठ चिप समांतर जोडल्या आणि पीडीआय ०.२ च्या वर गेला. प्रत्येक चिपचा नमुना वेगळा घेतला, तेव्हा कडेच्या दोन चिपांचे कण मोठे निघाले. तिथे प्रवाह कमी पोहोचतोय, मिसळणं मंदावतंय, असं मला वाटतं. शिवाय गोळा झालेल्या मिश्रणात पाव हिस्सा इथेनॉल असतं. लगेच बफर घालून पातळ केलेला नमुना तसाच राहतो, ताटकळलेल्यात कण वाढतात.

प्रत्येक चिपआधी बारीक नळी टाकून रोध वाढवला तर प्रवाह समान होईल का? चिपच्या रोधाच्या किती पट ठेवावा? बाहेर पडताक्षणीच पातळ करायची जोडणी कुणी केली आहे का? की चिपांचा नाद सोडून, कोविड लशींच्या कारखान्यांसारखा, दोन झोत समोरासमोर आदळणारा मिक्सर घ्यावा? त्यात आरएनए फार वाया जाईल ही भीती आहे, आणि आरएनए महाग आहे. ज्यांनी हात घातलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.